गाब्रिएले म्युंटरने राखलेले कागद

गाब्रिएले म्युंटर ही जर्मन चित्रकार आणि मुद्राचित्रकार, म्हणजे कोरलेल्या ठशांवरून चित्रे छापणारी कलाकार, १९६२ च्या मे महिन्यात, वयाच्या ८५ व्या वर्षी, बव्हेरियातील मुर्नाऊ या गावी वारली. तिच्या मागे राहिलेले खासगी दप्तर मोठे होते. त्यात अनेक दशकांची पत्रे होती, काही पत्रांचे कच्चे खर्डे होते, रोजनिशीची पाने आणि खिशात ठेवायच्या दिनदर्शिकांतील नोंदी होत्या, रेखाटनवह्या होत्या आणि तिने स्वतः काढलेली शेकडो छायाचित्रे होती. तिच्या इच्छापत्रानुसार तिच्या आणि तिच्या उत्तरायुष्यातील सहचराच्या, म्हणजे योहानेस आइखनर या कला-इतिहासकाराच्या, नावाने एक न्यास स्थापन झाला आणि हे कागद त्या न्यासाकडे गेले. म्युनिकमधील लेनबाखहाउस या कलासंग्रहालयाशी तो न्यास जोडलेला आहे. तेव्हापासून या दप्तरावर भरपूर काम झाले, त्यातील बराच भाग छापून प्रसिद्धही झाला. परंतु ते काम करणाऱ्यांचे लक्ष दीर्घकाळ दुसऱ्याच एका माणसाकडे होते, आणि मला त्याविषयीच लिहायचे आहे.

तो दुसरा माणूस म्हणजे वासिली कांडिन्स्की, अमूर्त चित्रकलेच्या आद्य प्रवर्तकांपैकी एक असलेला रशियन चित्रकार. आपल्याकडे कलामहाविद्यालयात नुकताच दाखल झालेला विद्यार्थीसुद्धा हे नाव ऐकून असतो. म्युंटरचे नाव त्याच्या कानावर पडलेच तर ते कांडिन्स्कीची शिष्या, सोबतीण आणि त्याची चित्रे नाझींपासून वाचवणारी बाई अशा ओळखीने पडते. या तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मात्र तिचे दप्तर तिच्यासाठी म्हणून वाचले, तर त्यांतली एकही गोष्ट तिच्या कामाचा उगम सांगत नाही. तो उगम कांडिन्स्कीची आणि तिची गाठ पडण्याच्या आधीचा आहे, आणि त्याचा पुरावा त्याच दप्तरात पहिल्यापासून होता.

म्युंटरचा जन्म १८७७ चा, बर्लिनचा. वडील दंतवैद्य होते. ते तरुणपणी अमेरिकेत गेले, तिथे टेनेसी राज्यातील एका जर्मन कुटुंबातल्या मुलीशी त्यांचे लग्न झाले आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात ते दोघे जर्मनीला परतले. वडील ती नऊ वर्षांची असतानाच गेले आणि १८९७ मध्ये आईही गेली. हाती थोडा पैसा होता आणि विचारणारे कोणी नव्हते. १८९८ मध्ये ती आणि तिची बहीण एमी अशा दोघीच आईकडच्या नातेवाइकांना भेटायला अमेरिकेला निघाल्या आणि दोन वर्षे सेंट लुईस, आर्कान्सा आणि टेक्सास या भागांत हिंडल्या. त्या काळी दोन अविवाहित बहिणींनी असा प्रवास करणे ही साधी गोष्ट नव्हती.

या प्रवासात, १८९९ मध्ये, तिच्या हाती कोडॅक कंपनीचा एक पेटी-कॅमेरा आला. त्या कॅमेऱ्याने तिने सुमारे ४०० छायाचित्रे काढली. ती या दप्तरात आहेत आणि माझ्या मते सगळ्या संग्रहाचा पाया तीच आहेत. कॅमेऱ्याची रचना इथे समजून घ्यायला हवी. तो डोळ्याला लावायचा नसे. कमरेशी किंवा पोटाशी धरून, मान खाली घालून, वरच्या छोट्या काचेत दिसणारे दृश्य पाहायचे आणि कळ दाबायची. त्यामुळे दृष्टी खालून, मध्यावरून जाते, समोरचा माणूस भरीव आणि उभट दिसतो आणि त्याच्यावर कोणी डोळे रोखल्याची भावना त्याला फारशी होत नाही. छायाचित्र चौरस येई, बाजू साधारण साडेतीन इंचांची. चौरसात माणूस कुठे उभा करायचा, क्षितिजाची रेघ कुठे टाकायची, रिकामी जागा किती सोडायची, हे प्रश्न आडव्या चौकटीपेक्षा अधिक अवघड असतात, कारण चौरस कोणत्याच दिशेला झुकायला मदत करत नाही.

त्या ४०० चित्रांतले एक टेक्सासमधील मार्शल गावचे आहे. रविवारचे ठेवणीतले कपडे घातलेल्या तीन कृष्णवर्णीय स्त्रिया त्यात दिसतात. दक्षिणेकडच्या राज्यांत वर्णभेदाचे कायदे घट्ट होत चाललेल्या काळात एका बावीस-तेवीस वर्षांच्या परक्या मुलीने हे चित्र काढले, आणि त्यात गंमत म्हणून पाहण्याचा भाव नाही. त्या स्त्रियांच्या नटण्याला आणि उभे राहण्याला तिने चित्राचा मुख्य विषय केले आहे. इतर चित्रांतही हेच दिसते. नातेवाईक घरापुढच्या पडवीत बसलेले असोत किंवा टेक्सासच्या सपाट माळावर एकटे घर असो, म्युंटर आकार सोपा करून पाहते, मागचा पसारा कमी करते आणि एका ठळक गोष्टीवर थांबते. त्याच प्रवासातल्या रेखाटनवह्यांत नातलगांच्या मुखाकृती पेन्सिलीच्या केवळ बाह्यरेषेने काढलेल्या आहेत. छायेचे काम जवळजवळ नाही. पुढे मुर्नाऊमध्ये तिने जी चित्रे केली आणि ज्यांमुळे ती ओळखली जाते, त्यांची सवय इथेच लागलेली आहे. कांडिन्स्की तेव्हा तिच्या आयुष्यात नव्हता.

तो आला १९०२ मध्ये. जर्मनीतील सरकारी कला अकादमींची दारे स्त्रियांना पहिल्या महायुद्धानंतर उघडली, त्यामुळे म्युंटर म्युनिकमध्ये आधी स्त्री-कलाकारांच्या संघटनेच्या शाळेत आणि मग ‘फालांक्स’ नावाच्या खासगी शाळेत शिकली. कांडिन्स्की तिथे शिकवत होता. तो विवाहित होता. त्या उन्हाळ्यात कोखेल इथल्या सहलीवर दोघे जवळ आले आणि तिथून पत्रव्यवहार सुरू झाला. तो तिला एला म्हणून हाक मारी. त्याची पत्रे लांब, भावनेने ओथंबलेली, कधी तक्रारीची. तिची बहुधा आखूड आणि नेमकी. अगदी सुरुवातीच्या एका पत्रात ती त्याला सांगते की खोटे बोलणे आणि लपवाछपवी तिला मुळीच मानवत नाही. पुढची बारा वर्षे तिला बऱ्याच अंशी त्याच लपवाछपवीत काढावी लागली, हे माहीत असताना ते पत्र वाचणे जड जाते.

कांडिन्स्कीने शिक्षक म्हणून तिला काय दिले, हे तिच्याच आठवणींत नोंदलेले आहे. तुला शिकवण्यासारखे काही नाही, तुझ्याकडे जे आहे ते उपजत आहे, ते बिघडू न देणे एवढेच मी करू शकतो, अशा अर्थाचे तो तिला म्हणाला होता. हे वाक्य त्याच्या मोठेपणाचा दाखला म्हणून पुष्कळदा सांगितले जाते आणि तो मोठेपणा मलाही मान्य आहे. पण अमेरिकेतली छायाचित्रे समोर ठेवून ते वाचले, की ती एका जाणत्या माणसाने केलेली वस्तुस्थितीची नोंद वाटते.

मुद्राचित्रांची गोष्ट मला सर्वांत जवळची आहे, कारण मी स्वतः लिनोलियम कोरते आणि ते काम हाताला काय शिकवते हे मला ठाऊक आहे. १९०६ च्या उन्हाळ्यापासून जवळजवळ वर्षभर म्युंटर आणि कांडिन्स्की पॅरिसजवळच्या सेव्र इथे राहिले. त्यातील काही महिने तिने पॅरिस शहरात स्वतंत्र खोली घेतली आणि त्या वर्षात तिने लाकडी ठसे आणि लिनोकट यांचे आपले सर्वांत महत्त्वाचे काम केले. लिनोलियम हे जमिनीवर अंथरायचे साहित्य; कलाकारांच्या हाती ते तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. लाकडाचे रेषे हत्याराला अडवतात, लिनोलियमला रेषा नसतो, त्यामुळे वळणदार बाह्यरेषा आणि मोठे सपाट भाग त्यावर मोकळेपणाने कोरता येतात.

त्या वर्षातील कांडिन्स्कीची मुखाकृती, हार्मोनियम वाजवत बसलेला कांडिन्स्की, ओरेली नावाच्या मुलीचा चेहरा, मादाम व्हेर्नो आणि ओरेली यांचे एकत्र चित्र ही सारी रंगीत मुद्राचित्रे आहेत. रंगीत ठसा करायचा म्हणजे हात चालवण्याआधी सगळे ठरवावे लागते. गालाची सावली हळूहळू गडद करत नेण्याची सोय इथे नसते. एक रंग कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो याची हद्द कोरणीने कायमची आखावी लागते. काढून टाकलेला भाग परत येत नाही. मग चेहरा म्हणजे चार-पाच भाग, केस म्हणजे एक भाग, मागची भिंत म्हणजे एक भाग, आणि त्यांना बांधून ठेवणारी गडद रेघ, असा विचार आपोआप सुरू होतो. ओरेलीच्या चित्राच्या प्रती पाहिल्या तर म्युंटरने वेगवेगळ्या छापांत रंग बदलून पाहिलेले दिसतात. रेखाटन तेच आणि रंगाचा परिणाम निराळा, हा प्रयोग ती पद्धतशीरपणे करत होती. निसर्गात दिसणाऱ्या रंगाशी चित्रातला रंग बांधलेला नाही, हे तिने अशा रीतीने ठसे छापताना हाताने पडताळून घेतले होते.

हे सांगण्याचे कारण असे, की कलेच्या इतिहासात म्युंटरच्या शैलीचा जन्म १९०८ च्या उन्हाळ्यात मुर्नाऊ इथे झाला असे मांडले जाते. कांडिन्स्की, म्युंटर, अलेक्सेइ याव्हलेन्स्की आणि मारियान व्हेरेफ्किन असे चौघे त्या गावी एकत्र चित्रे काढायला गेले आणि काही आठवड्यांत सर्वांचे काम पालटले. स्वतः म्युंटरने १९११ च्या रोजनिशीत याची नोंद केली आहे: थोडा काळ तडफड झाली आणि मग मोठी झेप घेतली, दिसते तसे रंगवणे सुटले आणि आशयाचा अर्क काढणे सुरू झाले, असा त्या नोंदीचा भाव आहे. याव्हलेन्स्कीचे ऋणही ती मोकळेपणाने मान्य करते. ती खोटे सांगत होती असे मला म्हणायचे नाही. तैलरंगात ती झेप त्याच उन्हाळ्यात पडली. परंतु गडद बाह्यरेषा, सपाट रंगक्षेत्र आणि गाळून घेतलेला आकार या तिन्ही गोष्टी दोन वर्षे आधी सेव्रमध्ये कागदावर छापून झालेल्या होत्या. मुर्नाऊमध्ये काचेच्या मागल्या बाजूने रंगवण्याची जुनी लोककला तिला भेटली आणि गावातील हाइन्रिख रामबोल्ड या काच-चित्रकाराकडून ती तिने शिकून घेतली. त्या कलेतही आधी काळी रेघ आणि मग रंग असाच क्रम असतो. ज्या स्त्रीने लिनोलियमवर वर्षभर हाच विचार केला होता, तिला ती कला इतक्या लवकर का साधली हे समजायला मुद्राचित्रे पुरेशी आहेत.

१९०९ मध्ये म्युंटरने मुर्नाऊमध्ये एक घर विकत घेतले. १९११ मध्ये ‘ब्लाउए राइटर’, म्हणजे ‘निळा घोडेस्वार’, हा कलाकारांचा गट उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या प्रदर्शनात तिची चित्रे होती. त्या काळाविषयी इतके लिहिले गेले आहे की मी इथे थांबत नाही.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि रशियन नागरिक असलेल्या कांडिन्स्कीला जर्मनी सोडावी लागली. दोघे आधी स्वित्झर्लंडला गेले, तिथून तो रशियाला परतला. तटस्थ देशात भेटता यावे म्हणून म्युंटर १९१५ मध्ये स्टॉकहोमला जाऊन राहिली. तो डिसेंबरात आला आणि १९१६ च्या मार्चमध्ये परत गेला. त्यानंतर दोघे कधीही भेटले नाहीत. १९१७ च्या फेब्रुवारीत कांडिन्स्कीने मॉस्कोमध्ये नीना नावाच्या तरुणीशी लग्न केले. म्युंटरला ते पुष्कळ उशिरा कळले. १९२० मध्ये ती जर्मनीला परतली, आणि पुढे कांडिन्स्कीही परतून आपली चित्रे आणि सामान मागू लागला, तेव्हा सुरू झालेला वाद वकिलांमार्फत १९२६ पर्यंत चालला. शेवटी काही कामे आणि चीजवस्तू त्याला परत मिळाल्या आणि उरलेल्या चित्रांवरचा हक्क त्याने सोडला.

या वादाचे कागद दप्तरात आहेत, आणि त्यांच्याबरोबर तिने लिहून काढलेले एक दीर्घ टिपणही आहे. ‘कबुली आणि आरोप’ असा त्याच्या शीर्षकाचा अर्थ होतो. त्यात तिचा संताप आहे, अपमान आहे, आणि आपण एखाद्याची पत्नी म्हणून जगलो ते त्याने मान्य करावे हा हट्ट आहे. काही लेखकांनी यावरून तिला चिडखोर आणि सूडबुद्धीची ठरवले. काहींनी तिची बाजू घेताना तिला निव्वळ सोशिक करून टाकले. मला दोन्ही पटत नाही. कांडिन्स्कीचा आपल्या चित्रांवर हक्क होता आणि ती चित्रे अडवून धरणे योग्य नव्हते. तिची फसवणूक झाली होती हेही तितकेच खरे. ज्या स्त्रीने स्वतःला उणेपणा आणणारे हे टिपण फाडून न टाकता जपून ठेवले, तिने आपल्याविषयी पुढच्या लोकांनी काय म्हणावे याची सोय पाहिली नाही. मला या प्रामाणिकपणाचे मोल फार वाटते.

त्याच १९२६ च्या ऑक्टोबरातील रोजनिशीत तिने लिहिले आहे की अनेकांच्या नजरेत ती कांडिन्स्कीला जोडलेली एक अनावश्यक पुरवणी होती, आणि स्त्रीच्या ठायी स्वतःची, मूळची प्रतिभा असू शकते हे लोक सहज विसरतात. हे तिने पन्नाशीच्या उंबरठ्यावर लिहिले. पुढे तिची आणि आइखनरची ओळख झाली, १९३१ पासून ती पुन्हा मुर्नाऊच्या घरी राहू लागली आणि हळूहळू रंगवू लागली. नाझी राजवटीने आधुनिक कलेला ‘विकृत’ ठरवल्यावर कांडिन्स्कीची, स्वतःची आणि गटातील इतरांची चित्रे तिने त्या घराच्या तळघरात लपवून ठेवली. घराच्या झडत्या झाल्या, पण चित्रे सापडली नाहीत. हे करताना कांडिन्स्कीशी तिचा काहीही संबंध उरलेला नव्हता. तो १९४४ मध्ये फ्रान्समध्ये वारला. १९५७ मध्ये, आपल्या ८० व्या वाढदिवसाच्या निमित्ताने, तिने हजाराहून अधिक कलाकृती म्युनिक शहराला देऊन टाकल्या. त्यांत कांडिन्स्कीची सुमारे ९० तैलचित्रे होती. लेनबाखहाउसची जगभरची कीर्ती त्या दानावर उभी आहे.

दप्तराच्या वाचनाला वळण लागले तेही याच सुमाराला. आइखनरने १९५७ मध्येच एक पुस्तक प्रसिद्ध केले. कागद त्याच्या डोळ्यांसमोर होते आणि ती स्वतः हयात होती, तरीही पुस्तकाचे नाव ‘कांडिन्स्की आणि गाब्रिएले म्युंटर’ असे जोडीचे होते. आइखनरचे तिच्यावर प्रेम होते यात शंका नाही, पण तिच्या सहजपणाचे कौतुक करताना ती विचार न करता, नुसत्या अंतःप्रेरणेने रंगवणारी आहे असे चित्र उभे राहिले, आणि ते फार काळ टिकले. नंतरच्या अभ्यासकांनीही पत्रे चाळली ती बहुधा कांडिन्स्कीच्या चित्रांच्या तारखा ठरवण्यासाठी, त्याच्या प्रवासाचा माग काढण्यासाठी. ते कामही आवश्यक होते. मात्र तिने छायाचित्रे कशी रचली, ठसे कसे छापले, काय वाचले, कोणाशी कशावर भांडली, हे प्रश्न घेऊन त्याच खोक्यांकडे जाणारे लोक उशिरा आले.

२००० मध्ये लेनबाखहाउसने तिच्या मुद्राचित्रांचे स्वतंत्र प्रदर्शन भरवले. २००६ मध्ये अमेरिकेतील छायाचित्रांचे, आणि २००७ मध्ये नंतरच्या छायाचित्रांचे प्रदर्शन झाले. २०१७ मध्ये तिथेच मोठे प्रदर्शन झाले, त्यात तिचे काम प्रेमकथेच्या क्रमाने न लावता विषयांनुसार लावलेले होते. म्युंटरच्या कागदांकडे वळू इच्छिणाऱ्या कोणालाही मी याच वाटेने जायला सांगेन: आधी टेक्सासची छायाचित्रे, मग रेखाटनवह्या, मग सेव्रचे ठसे, आणि प्रेमपत्रे सर्वांत शेवटी. मुर्नाऊचे घरही आता १९०९ ते १९१४ या काळात होते तसे करून लोकांसाठी खुले ठेवले आहे, आणि म्युनिकहून आगगाडीने ते साधारण तासाभराच्या अंतरावर आहे.

मला स्वतःला सर्वांत जास्त ओढ आहे ती १९१५ ते १९२० या स्कँडिनेव्हियातील वर्षांच्या कागदांची. ही वर्षे बहुतेक ठिकाणी ‘ती वाट पाहत राहिली’ एवढ्या एका वाक्यात उरकली जातात. प्रत्यक्षात ती स्टॉकहोममध्ये सिग्रिड येर्टेन आणि इसाक ग्र्यूनेवाल्ड या स्वीडिश आधुनिक चित्रकारांच्या वर्तुळात वावरत होती, १९१६ मध्ये गुमेसन या कलाविक्रेत्याच्या दालनात तिचे प्रदर्शन झाले, पोटासाठी ती लोकांच्या मुखाकृती रंगवत होती, तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडून नवी मुद्राचित्रे करत होती आणि १९१८ मध्ये कोपनहेगनला तिने आपल्या कामाचे मोठे प्रदर्शन उभे केले. परक्या देशात, युद्धाच्या काळात, एकट्या स्त्रीने चौकटी, छपाई, भाडे आणि गिऱ्हाइके यांची जुळवाजुळव कशी केली असेल, हे तिच्या त्या वर्षांतल्या पत्रांत आणि दिनदर्शिकांत शोधायला हवे.